बायको असल्याचा पुरावा

दातवाल्या बाईंना व्हिसा बदलायचा आहे, ही बातमी इमारतीत दातवाल्या बाईंच्या आधी पोचली. त्या कामावरून आल्या, बंद लिफ्टला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले, आणि एका कडेवर बाळ, दुसऱ्या खांद्यावर बाळाचा संसार घेऊन जिना चढू लागल्या. पहिल्या मजल्यावर एक दार किलकिलं झालं. "फोटोत कान दिसले पाहिजेत हं," दार म्हणालं आणि बंद झालं. दुसऱ्या मजल्यावरचं दार म्हणालं, "हसायचं नाही. हसलेला फोटो परत करतात." तिसऱ्या मजल्यावर दारात माणूसच उभा होता. त्याला सगळे अनुभवी म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'माझ्या अनुभवानं सांगतो' असं सुरू होई.

"माझ्या अनुभवानं सांगतो," अनुभवी म्हणाला, "नोकरीच्या व्हिसावरून जोडीदाराच्या व्हिसावर जाणं म्हणजे चालत्या गाडीतून चालत्या गाडीत उडी मारणं. पहिली गाडी सोडायची नाही आणि दुसरी धरायची नाही."

"मग उडी कधी मारायची?"

"ते ज्याचं त्यानं बघायचं," असं म्हणून अनुभवी आत गेला.

दातवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. कृत्रिम दात बनवण्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. मेणाचा दात कोरायचा, त्यावरून पक्का दात घडवायचा आणि त्याची छटा शेजारच्या खऱ्या दाताशी अशी जुळवायची की खुद्द जिभेलाही पत्ता लागू नये, हे तिचं काम. त्यामुळे झालं असं होतं की माणूस बोलायला लागला की तिचं लक्ष त्याच्या बोलण्यापेक्षा दाढांकडेच असे. शेजारपाजारचे लोक तिच्याशी ओठ मिटून बोलत.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत. शहरभरच्या लिफ्ट तो चालू करी आणि घरी मात्र सहाव्या मजल्यापर्यंत चालत येई. इमारतीच्या लिफ्टचं कंत्राट दुसऱ्या कंपनीचं होतं, तिला हात लावला असता तर त्याची नोकरी गेली असती. हे तो ज्याला त्याला समजावून सांगे आणि ऐकणारा "हो का?" म्हणून असा हसे की त्याचे कान लाल होत.

तर ती या देशात आली होती ती नोकरीच्या व्हिसावर. तो लहानपणापासून इथलाच, सगळे कागद पक्के. लग्न झालं तेव्हाच सगळे म्हणाले होते की आता नवऱ्याच्या नावावर ये आणि सुटवंग हो. पण तिचा एक मोडता होता. "मी इथं माझ्या दहा बोटांवर आले. कुणाची तरी बायको म्हणून राहायचं असतं तर एवढं शिकले कशाला?" नवरा म्हणाला, "असू दे की." तो बहुतेक गोष्टींना असू दे की म्हणायचा. मग बाळ झालं आणि व्हिसा, टपाल उघडणं, केस विंचरणं, गरम चहा असल्या चैनीच्या गोष्टी आपोआप मागे पडल्या.

आणि एके दिवशी मालकानं प्रयोगशाळा विकली. नव्या मालकानं दात कोरणारी मशीनं मागवली होती. महिनाअखेर नोकरी संपणार, आणि नोकरी संपली की नोकरीचा व्हिसा ठेवायचा कशाच्या आधारावर?

"सोपंय गं," नवरा म्हणाला. "एक फॉर्म तर आहे."

आपण ज्या वाक्यांमुळे पुढे पस्तावतो ती बहुतेक वेळा अशीच चार शब्दांची असतात.

फॉर्म उघडला आणि पहिल्याच पानावर तिचं डोकं फिरलं. नवऱ्याच्या नावापुढे छापलं होतं 'आधारदाता'. तिच्या नावापुढे, 'अवलंबित'.

"अवलंबित?" ती म्हणाली. "मी? काल तुझा पाना कुठं होता?"

"बुटांच्या कपाटात."

"कुणी शोधला?"

आधारदाता बाळाचे मोजे सरळ करू लागला.

"बाळाच्या लसीची तारीख काय? गॅसची टाकी कधी लावली? तुझ्या आईला कुठलं औषध चालत नाही?"

"अगं, फॉर्म मी नाही छापला," आधारदाता काकुळतीला येऊन म्हणाला. शेवटी तिनं 'अवलंबित' या शब्दावर बाळाच्या दुधाचा एक थेंब चुकून पडू दिला आणि सही केली.

व्हिसा कचेरीत रांग होती. खिडकीमागे एक बाबू होता, आणि त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. तिनं मोठ्या निग्रहानं नजर त्याच्या कपाळावर ठेवली.

"लग्नाचा दाखला ठीक आहे," बाबू म्हणाला. "सहवासाचा पुरावा?"

तिनं कडेवरचं बाळ थोडं वर उचललं. "हा काय."

बाबूनं बाळाकडे पाहिलं. बाळानं बाबूकडे पाहिलं, आणि त्याचं पेन मागितलं.

"हे अपत्य आहे," बाबू म्हणाला. "अपत्यानं अपत्य सिद्ध होतं. सहवास सिद्ध होत नाही."

"अहो, पण सहवासाशिवाय अपत्य..." नवऱ्यानं तोंड उघडलं.

"मागे रांग आहे," बाबू म्हणाला. "दोघांचे एकत्र फोटो आणा. रोजच्या जगण्यातले, वेगवेगळ्या काळातले. लग्नाचे नकोत. लग्नात सगळेच शेजारी उभे राहतात."

"आणि समजा," तिनं हळूच विचारलं, "नाहीच मंजूर झालं तर?"

"तर तुम्ही परत मायदेशी जायचं आणि तिथून अर्ज करायचा. काही महिने लागतात."

"आणि बाळ?"

"बाळाला काहीच अडचण नाही!" बाबूचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. अशी चांगली बातमी द्यायची संधी त्याला क्वचितच मिळत असावी. "बाळ इथलंच आहे. ते राहू शकतं. वडीलही राहू शकतात. फक्त तुम्ही जायचं."

घरी येताना तिचा हात बाळाच्या पोटावरून हलला नाही. बाळ रात्री दचकून उठे तेव्हा त्याच्या पोटावर हात ठेवावा लागे. हात म्हणजे तिचाच हात. नवऱ्याच्या हाताला ग्रीसचा वास यायचा आणि बाळ आणखी जागं व्हायचं. आता हा हात विमानानं जाणार आणि पोट इथं राहणार. काही महिने!

"फोटोच तर द्यायचेत," नवरा म्हणाला. "आपल्याकडे हजारोंनी आहेत."

होते खरे हजारोंनी. दोघं सोफ्यावर बसून फोनमधले फोटो पाहू लागले. बाळ जांभई देताना. बाळ दुसरी जांभई देताना. बाळाची टाच. बाळ भाताकडे संशयानं बघताना. बाळ झोपलेलं, वरून, डावीकडून, उजवीकडून, आणि श्वास चालू आहे ना हे नीट दिसावं म्हणून काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ. त्या अख्ख्या ढिगाऱ्यात आईबाप होते, नव्हते असं नाही. ती एका फोटोत कोपर होती, एकात ओढणीचं टोक. तो बऱ्याच फोटोंत गुडघा होता. एका फोटोत दोघं एकत्र सापडले, पण तिथं ती सावली होती आणि तो अंगठा.

"हा देऊया?" त्यानं विचारलं.

"अंगठा तुझाच कशावरून?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मग वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं. काकू निवृत्त शिक्षिका. शाळेत वर्षानुवर्षं त्यांनी स्नेहसंमेलनाची नाटकं बसवली होती आणि तेव्हापासून समोर दोन माणसं दिसली की त्या त्यांना जागा नेमून देत. काकूंच्या मागोमाग, न बोलावता, अनुभवी आला. त्याच्या हातात दोन जाड कोट, एक रेनकोट, एक गवती टोपी आणि छत्री होती.

"ऋतू दिसले पाहिजेत," तो म्हणाला. "माझ्या अनुभवानं सांगतो, सरकार ऋतू बघतं."

"बसा दोघं," काकूंनी हुकूम सोडला. "जवळ. आणखी जवळ. अगं, नवरा आहे तो तुझा, दाढ दुखणारा पेशंट नाही! हं, आता त्याच्याकडे प्रेमानं बघ."

तिनं बघितलं.

"हे विजेच्या बिलाकडे बघतात तसं झालं. परत. आणि काय रे, तू हसतोस कशाला एवढा?"

"काकू, तुम्हीच म्हणालात, आनंदी दिसा."

"खालची एक दाढ किडत्येय बघ तुझी," ती त्याच्या तोंडात डोकावत म्हणाली.

"हे बघा, ही झाली खरी बायको!" काकू ओरडल्या. "काढा, काढा फोटो!"

पण अनुभवीचं बोट तोवर कॅमेऱ्यावर पोचलं नव्हतं.

दोघांनी कोट चढवून हिवाळा केला. खिडकीजवळ छत्री उघडून पावसाळा केला. त्यासाठी काकूंनी झारीनं पाणी शिंपडलं, ते नवऱ्याच्या कॉलरमधून आत गेलं आणि त्यामुळे पावसाळा सगळ्यांत खरा आला. गवती टोपीचा उन्हाळा करताना छताचा पंखा टोपीला लागला. ती टोपी पुढे चार दिवस कपाटावर दबा धरून बसली होती.

एकाच गोष्टीवरून काकूंचं आणि तिचं वाजलं. काकू म्हणाल्या, "बाळाला तासभर माझ्या सुनेकडे ठेव. सारखं मध्ये येतंय." ती म्हणाली, छे. आदल्याच दिवशी ती क्षणभर पाठमोरी झाली होती आणि तेवढ्यात बाळानं टेबलाच्या कडेवर हनुवटी आपटली होती. हनुवटीवर हत्तीचं चित्र असलेली चिकटपट्टी होती. तेव्हापासून तिनं ठरवलंच होतं की बाळ नजरेआड म्हणून करायचं नाही. त्यामुळे बाळ हिवाळ्यातही मांडीवर होतं, पावसाळ्यात छत्रीची दांडी चावत होतं, आणि उन्हाळ्यात सोफ्याच्या पाठीवरून फक्त डोळे आणि हत्ती एवढंच दिसत होतं.

फोटो चिकटवायचं आणि खाली ओळी लिहायचं काम अनुभवीनं आपणहून अंगावर घेतलं. ती तेव्हा बाळाला झोपवत होती, नवरा एका वृद्धाश्रमाच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन आजोबांना सोडवायला गेला होता. फोटो बघायला दोघांनाही फुरसत झाली नाही. लिफाफा गेला.

आठवड्याभरात बाबूनं दोघांना खिडकीशी बोलावलं. फोटो त्यानं ओळीनं मांडून ठेवले होते.

"'लग्नानंतरचा पहिला हिवाळा'," त्यानं वाचलं. "'लग्नानंतरचा पावसाळा'. 'पुढच्या वर्षीचा उन्हाळा'. 'तिसरा हिवाळा, प्रेम तेच'." मग चष्मा काढून त्यानं विचारलं, "प्रेम तेच हे कळलं. पण बाळही तेच?"

दोघांनी वाकून पाहिलं. तीन वर्षं, चार ऋतू, आणि सगळ्यांत तेच दहा महिन्यांचं बाळ. हनुवटीला तोच हत्ती.

"अहो, हे सगळे एकाच दिवशी काढलेत," ती घाबरून बोलून गेली. खोटं बोलायची सवय नसली की माणूस खरंही भलत्याच वेळी बोलतो.

"ते दिसतंयच," बाबू म्हणाला. "आता हे प्रकरण वरच्या मॅडमकडे गेलं. दोघांची मुलाखत होईल. वेगवेगळी. उत्तरं जुळली पाहिजेत."

घरी आल्यावर काकूंनी अनुभवीला फैलावर घेतलं. "काय हो, 'प्रेम तेच' लिहायची गरज होती? आणि तुमचा स्वतःचा व्हिसा कुठला झाला होता म्हणे?"

"माझा?" अनुभवी दचकला. "मी तर इथंच जन्मलो."

काकूंनी त्याच्याकडे जी नजर टाकली, तिच्यामुळे म्हणे पूर्वी अख्खा वर्ग बाकावर उभा राहत असे. अनुभवी सोफ्यावरून उठून उभा राहिला.

आता मुलाखतीची तयारी. काकू प्रश्न विचारणार, दोघांनी एकाच वेळी पाटीवर उत्तर लिहायचं. चहात साखर किती, दाराची किल्ली कुठल्या खिशात, इथपर्यंत गाडी रुळावर होती. मग काकूंनी विचारलं, "झोपेत घोरतं कोण?"

त्यानं लिहिलं, 'ती'. तिनं लिहिलं, 'तो'.

"मी?" ती म्हणाली. "मी घोरते? अरे, तुझ्या घोरण्यानं पडदे हलतात! बाळ उठेल म्हणून मी कोपरानं ढोसते तुला!"

"तू ढोसतेस तेव्हा मी जागा असतो गं! तुझंच ऐकत!"

"मी श्वाससुद्धा हळू घेते, बाळ उठू नये म्हणून!"

"तो हळू घेतलेलाच ऐकू येतो!"

"पुढचा प्रश्न," काकू घाईनं म्हणाल्या. "लग्नाचं आधी कुणी विचारलं?"

त्यानं लिहिलं, 'तिनं'. तिनं लिहिलं, 'यानं'. टूथपेस्ट मधूनच कोण दाबतं, याला तर दोघांनी पाटीवर एकमेकांकडे बोट दाखवणारे बाण काढले. काकूंनी पाट्या गोळा केल्या. "घरी बसा," त्या म्हणाल्या. "किंवा तू विमानात बस."

ते वाक्य तिच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती एका पुढच्या दाताची छटा जुळवत होती. खरा दात पिवळट, तिनं बनवलेला शुभ्र. खऱ्या दाताला 'तू पांढरा हो' असं सांगता येत नाही. तो तोंडात पक्का बसलेला असतो. बदलायचं ते आपल्या हातातल्यानं. ती ब्रश हातात धरून थांबली. नवरा काही बदलणार नाही. तो तीच उत्तरं देणार, कारण त्याला ती खरी वाटतात, बिचाऱ्याला. मग आपणच बदलावं. घोरते म्हणावं. लग्नाचं आपणच विचारलं म्हणावं. टूथपेस्टसुद्धा. मान गेली तर गेली, बाळाच्या पोटावरचा हात तरी राहील. एवढा मोठा त्याग केल्यावर तो नवऱ्याला सांगावा असंही तिला वाटलं, पण सांगितला तर तो म्हणणार, 'बघ, मीच म्हणत होतो ना!' म्हणून ती गप्प राहिली.

मुलाखतीच्या दिवशी काकू आणि अनुभवी बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. मॅडमनी आधी नवऱ्याला आत बोलावलं, मग तिला. मॅडम शांत होत्या. त्यांच्या वरच्या डाव्या दाढेवरची कॅप छटेनं थोडी गडद होती. ते बघून तिची बोटं शिवशिवली, पण तिनं ती मांडीखाली दाबून धरली.

"घोरतं कोण?"

"मी," ती म्हणाली. बोलताना कान तापले. "फार. पडदे हलतात."

मॅडमनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. "लग्नाचं आधी कुणी विचारलं?"

"मी. माझ्या मागेच लागला होता... म्हणजे मी त्याच्या मागे."

"टूथपेस्ट?"

"मधून दाबते मी. लाज वाटते, पण दाबते."

मॅडमनी पेन ठेवलं आणि नवऱ्याला परत आत बोलावलं. दोघांना शेजारी बसवून त्यांनी त्याचा कागद वाचला. "घोरतो मीच. लग्नाचं मीच विचारलं, गुडघ्यावर बसून. टूथपेस्ट मधून मीच दाबतो, रोज, मुद्दाम."

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. कान लाल.

"मी या टेबलाशी पुष्कळ जोडपी पाहिली," मॅडम म्हणाल्या. "खोटी जोडपी पाठ करून येतात, त्यांची उत्तरं जुळतात. खऱ्यांची जुळत नाहीत, कारण तो म्हणतो ती घोरते आणि ती म्हणते तो घोरतो. तुमची जुळत नाहीत ती भलत्याच बाजूनं. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," दोघं एकदम म्हणाले. नेमकं तेवढंच जुळलं.

"आधी ते हत्तीवाले फोटो, आता हे. मला या रकान्यात एक उत्तर लागतं. बाहेर जा, काय ते खरं ठरवा आणि सांगा. नाही ठरलं तर मला 'असमाधानकारक' लिहावं लागेल."

बाहेर वाट बघणाऱ्यांनी बाकं भरली होती. बाळ नुकतंच रडून दमून गाडीत झोपलं होतं आणि काकू ओठांवर बोट ठेवून सगळ्या रांगेला गप्प करत होत्या. दोघं कोपऱ्यात उभे राहिले.

"तू कशाला सांगितलंस तू घोरतोस?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मग काय सांगू? म्हटलं तू काही ऐकायची नाहीस. आपणच पडतं घ्यावं."

"मी घेतलं होतं ना पडतं!"

"मला काय माहीत! आयुष्यात पहिल्यांदा घेतलंस, आधी सांगायचं तरी!"

"आता जा आत आणि सांग की मी घोरते."

"मुळीच नाही. मी घोरतो. माझं लिहून झालंय."

"अरे, पण तूच म्हणतोस ना मी घोरते!"

"घोरतेसच! पण ते मी त्यांना का सांगू? माझी बायको आहेस तू!"

आवाज चढले होते. रांगेतल्या एका आजीबाईंनी मध्येच विचारलं, "नक्की कोण घोरतं हो?" आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बाई घोरतात. चेहऱ्यावरून कळतं."

"ओ!" नवरा त्यांच्याकडे वळला. "माझ्या बायकोला काही बोलायचं नाही! मी घोरतो म्हटलं ना! मी घोरतो, मी दाबतो, मी गुडघ्यावर बसलो, सगळं मीच! काय लागेल ते लिहून देतो!" मग तो तिच्याकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "तू जाणार नाहीस. परवा तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात ते उठलं. मी हात ठेवला पोटावर. साबणानं तीनदा धुऊन ठेवला. तरी ते दाराकडेच बघत होतं गं. काही महिने मी त्याला काय सांगू?"

तिनं त्याची बाही घट्ट धरली. रांग गप्प झाली. काकूंनी पदराचं टोक डोळ्याला लावलं. आणि त्या शांततेत आवाज आला.

घर्र्र्र... खुर्र.

आजीबाईंनी शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थ टक्क जागे होते. अनुभवीनं दोन्ही हात वर केले. "मी नाही."

घर्र्र्र... खुर्र. फूऽऽ.

आवाज खालून येत होता. ती गुडघ्यावर बसली आणि बाळाच्या गाडीवरचं छत मागे सारलं. दहा महिन्यांचं बाळ, मुठी वर, तोंड उघडं, एखाद्या निवृत्त हवालदारानं दुपारी घोरावं तसं घोरत होतं. घरी ते दोघांच्या मध्ये झोपायचं. आवाज आला की ती नवऱ्याला ढोसायची, तो तिला ढोसायचा, पलंग हलायचा, बाळ कूस बदलायचं आणि आवाज थांबायचा. आणि बाळाचा श्वास तपासायला ती जेव्हा जेव्हा नाकाशी बोट धरायची, तेव्हा ते बोटाच्या गुदगुल्यांनी तोंड मिटायचं. घोरणाऱ्याला सोडून जगातल्या बाकी सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता.

दार उघडून मॅडम बाहेर आल्या. "काय ठरलं?"

उत्तर बाळानं दिलं.

मॅडम वाकल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी कागदावर दोन्ही उत्तरं खोडली आणि तिथल्या तिथे, भिंतीला कागद टेकवून, काहीतरी लिहिलं. नवऱ्यानं मान उंचावून वाचलं. 'घोरतो तिसरा इसम. तिघे एकाच पलंगावर झोपतात, याबद्दल खात्री पटली. मंजूर.'

"हे घ्या," मॅडम म्हणाल्या आणि कागद त्याच्या हातात ठेवला. "आता हे खिडकीवर द्या, शिक्का मिळेल."

रांगेनं टाळ्या वाजवल्या. काकूंनी अनुभवीला मिठी मारली आणि लगेच सोडून दिलं. नवरा कागद नाचवत तिच्यापाशी आला. "अगं, झालं! मंजूर! अगं, ऐकलंस का?"

ती गाडीवरच वाकलेली होती. कपाळाला आठी.

"मॅडम," तिनं वर बघून विचारलं, "एवढ्याशा बाळानं एवढं घोरणं नॉर्मल आहे का हो?"

"सर्दी असेल," मॅडम म्हणाल्या आणि परत वळल्या. "माझी मुलगी घोरायची लहानपणी. उशाला टॉवेलची घडी घाला गादीखाली."

"टॉवेल नको, वाफ द्या," आजीबाई म्हणाल्या.

"वाफ कसली एवढ्या लहानाला!" गृहस्थ उठून आले. "नाकात काहीतरी गेलं असणार. आमच्या पुतण्याच्या नाकात वाटाणा निघाला होता."

"वाटाणा?" तिचा चेहरा पांढरा पडला. मंगळवारी जेवणात वाटाणे होते.

बघता बघता गाडीभोवती कोंडाळं जमलं. खिडकीतला बाबूसुद्धा खिडकी सोडून आला. नवरा त्या गर्दीच्या कडेला कागद हातात धरून उभा होता. "अगं, शिक्का मारून घेऊया ना आधी... खिडकी बंद होईल... अगं, मंजूर झालंय!"

"हो रे, कळलं! ते कुठं पळून जातंय? तू आधी इकडे ये आणि उजेड धर."

त्यानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग कागद दातांत धरला, खिशातला टॉर्च काढला, आणि गर्दीत शिरून बाळाच्या डाव्या नाकपुडीवर नेम धरला.